गोधडीची आतली बाजू

गोधडीविषयी अलीकडे बरंच कौतुकानं बोललं जातं. प्रदर्शनात ती भिंतीवर टांगलेली दिसते, तिच्यावरच्या चौकटी आणि त्रिकोण लोक थांबून पाहतात, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण भिंतीवरची गोधडी फक्त वरून दिसते. शिवणारीचं निम्म्याहून जास्त डोकं जिथे खर्ची पडलेलं असतं तो भाग, म्हणजे आतले थर, झाकलेलाच राहतो. कुठलं कापड आत घालायचं, कुठलं वर ठेवायचं, कुठलं अजून वर्षभर नेसता येईल म्हणून बाजूला काढायचं, हे सगळं सुईत दोरा ओवण्याआधीच ठरलेलं असतं. आहुपे आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांत घरोघरी शिवल्या जाणाऱ्या गोधड्यांच्या या नोंदी वाचकापुढे ठेवताना एवढं एकच आधी सांगावंसं वाटतं: यातली प्रत्येक गोधडी हा एका घरातल्या कापडाचा हिशेब आहे आणि तो त्या घरातल्या बाईनं मांडलेला आहे. नक्षी त्यानंतर येते.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचं पश्चिम टोक. मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे, आणि डिंभे धरणाच्या फुगवट्याला वळसे घालत रस्ता चढत जातो तो सह्याद्रीच्या कड्यापाशी येऊन थांबतो. पुढे आहुपे घाटाची पायवाट. ती मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीला, कोकणात उतरते. कड्यावरून खाली पाहिलं की गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. दक्षिणेला भीमाशंकरचं रान. घोड नदीचा उगम याच डोंगरांतला. गावाला भैरवनाथाची देवराई आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची, शेती भाताची, आणि वरकस जमिनीत नाचणी, वरई. महादेव कोळी समाजावर गो. स. घुर्ये यांचा स्वतंत्र ग्रंथ १९५७ साली आला. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे त्याच समाजातले, त्यांनी आयुष्यभर त्यावर लिहिलं. कुळं, देवदैवतं, बंडांचा इतिहास समजून घ्यायला त्या लेखनाकडेच जावं. अंथरूण-पांघरूण मात्र घरात बसूनच पाहावं लागतं, तेही बाईमाणसानं पुढ्यात आणून उलगडलं तर.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोधडी ही थंडीची वस्तू. इथल्या बायका पावसाचं नाव आधी घेतात. थंडीत दिवसा ऊन असतं, रात्री शेकोटी पेटवता येते, अंथरूण उन्हात टाकलं की संध्याकाळी उबदार मिळतं. आहुप्यात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. धुकं दारातून आत येतं. भाताची आवणी करून माणसं भिजून घरी येतात, सारवलेल्या जमिनीला खालून ओल फुटलेली असते, आणि त्या ओलीवर झोपायचं असतं. म्हणून इथे गोधड्या दोन जातीच्या. अंथरायची जाड, जड, खरबरीत चालते. तिच्या पोटात वाटेल ते जातं, अगदी फाटकं पोतंसुद्धा. पांघरायची हलकी आणि मऊ हवी. तिच्यात काय जाईल याला फार नियम आहेत. खताची प्लॅस्टिकची पोती उसवून जमिनीवर पहिला थर त्यांचा, त्यावर अंथरायची गोधडी, त्यावर माणूस, त्यावर पांघरायची, अशी पावसाळ्यातल्या रात्रीची रचना असते. हे ध्यानात घेतलं नाही तर एकाच घरातली एक गोधडी इतकी सुबक आणि दुसरी इतकी ओबडधोबड का, याचा उलगडा होत नाही. दोन्ही शिवणारे हात एकच असतात.

आता वेळेचं. गोधडी शिवायला निवांतपणा लागतो असं आपण सहज म्हणून जातो, पण या खोऱ्यातल्या बाईच्या वर्षात निवांत असा महिना शोधूनही सापडत नाही. दिवाळीच्या मागेपुढे भाताची कापणी, मग झोडणी. ते आटोपलं की बरीच घरं मजुरीला पूर्वेकडे, मंचर-नारायणगावच्या बागायतीत उतरतात. कांदा, टोमॅटो, मिळेल ते काम. उन्हाळ्यात हिरडा. बाळहिरडा झाडावरून उतरवायचा, वेचायचा, अंगणात वाळवायचा, आणि व्यापाऱ्याला नाहीतर आदिवासी विकास महामंडळाला घालायचा. पश्चिमेकडच्या घरांत रोकड येते ती मुख्यतः या एका झाडातून. रंगारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सुती कापडाला रंग धरावा म्हणून ज्या हिरड्याचं पाणी दिलं तोच हा हिरडा, हे इथे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. लुगड्याचा रंग धरायला फळ या डोंगरांतून जायचं आणि रंगलेलं लुगडं बाजारातून परत वर यायचं. हिरड्याबरोबरच राब भाजायची तयारी, लाकूडफाटा भरून ठेवणं, घर शाकारणं. या सगळ्याच्या फटीत, चैत्र-वैशाखाच्या दुपारी, जेवणं उरकल्यावर आणि गुरं परतण्याआधी, गोधडीला दोन-अडीच तास मिळतात. तेही रोज नाही. पाऊस पडायच्या आत ती पुरी व्हायला हवी, नाहीतर अर्धी शिवलेली गोधडी चार महिने गुंडाळून माळ्यावर ठेवावी लागते आणि तिला वास धरतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात शेजारणी येऊन बसतात. आज हिच्या गोधडीला, उद्या तिच्या.

शिवायचं ठरलं की आधी बोचकं सोडलं जातं. वर्षभर त्यात कापड साठलेलं असतं: घरातलं विरलेलं, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी दिलेलं, टेलरकडून आलेल्या चिंध्या, आश्रमशाळेतल्या पोरांचे आखूड झालेले गणवेश. शहरात जुनं कापड बोहारणीकडे जातं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचं पातेलं येतं. इथे त्याला बाहेरची वाटच नसते. बोचकं सुटलं की निवड सुरू होते, आणि ही निवड पाहण्यासारखी असते. बाई कापड उजेडाकडे धरते, दोन्ही हातांनी हलकेच ताणते, अंगठा फिरवते. कापड ताणताना बारीक चर्र आवाज आला तर ते मेलं, ते पोतेऱ्याला. आवाज आला नाही पण उजेड पलीकडून दिसला, तर ते आत. उजेड अडला तर वर. मग उसवणं. शर्टाची कॉलर, काजपट्टी, खिसे, पँटीचा कमरपट्टा, परकराचा नेफा, हे सगळं जाड. ते राहिलं तर झोपणाऱ्याच्या पाठीला टोचतं. बटणं काढून डब्यात टाकली जातात. जीनची पँट हल्ली प्रत्येक बोचक्यात असते आणि तिच्यावर कुणाचंच प्रेम नाही, कारण सुई जात नाही. ती अंथरायच्या गोधडीत कमरेखाली घालतात, तिथे ओल जास्त लागते म्हणून.

नऊवारी लुगडं कुठे झिजतं हे नेसणारीला अचूक ठाऊक असतं. कासोट्याशी, बसण्याच्या जागी, गुडघ्यावर मधला भाग आधी विरतो. काठ आणि पदर शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे जुन्या लुगड्यातून जे निघतं ते सगळं सारख्या किमतीचं नसतं. मधला विरलेला भाग मऊ झालेला असतो. तो पांघरायच्या गोधडीच्या पोटात किंवा बाळाच्या दुपट्याला. काठ लांब पट्ट्यांनी कापून गोधडीच्या कडेला, कारण ओढाताण, धुताना पिळणं, पोरांचं दातांनी चावणं, हे सगळं कड सोसते. पदर जरीचा असेल तर वर, मधोमध. प्रदर्शनात जी किनार आपल्याला सौंदर्य म्हणून दिसते ती अशी झिजेच्या अभ्यासातून आलेली असते. शिवणारीला ती सुंदरही दिसते, हे सांगायला हवं. काठाच्या रंगाला कुठला तुकडा शोभेल यावर दोघीतिघींत चांगला वाद होतो, आणि नको तो तुकडा लावला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

खालचं कापड पडवीत अंथरतात. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड, जे हाताशी असेल ते. त्यावर आतली भर एकेक तुकडा करत मांडत जायची. दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, नाहीतर मध्ये फट राहते आणि त्या जागी गोधडी पहिल्याच वर्षी पातळ पडते. पण फार चढले तर वळ उठतो. तळहात सपाट धरून मधून कडेकडे फिरवत सुरकुती काढायची. हे काम घरातली सगळ्यांत वयस्क बाई स्वतःकडे ठेवते. वरचं कापड घातलं की कडा आत मुडपून चारी बाजूंनी कच्चे टाके. गोधडी आता हलवता येते. मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून आत आत यायचं, किंवा एका टोकापासून ओळीनं दुसऱ्या टोकाला. दोन्ही पद्धती या खोऱ्यात दिसल्या आणि एकाच घरातल्या जावा-जावांच्या वेगळ्या दिसल्या. डावा हात गोधडीखाली असतो. सुईचं टोक खाली त्या हाताच्या बोटाला लागतं तेव्हाच कळतं की टाका सगळ्या थरांतून गेला. त्या बोटाला कायमचा घट्टा पडलेला असतो. दोरा हातभर लांबीचाच घ्यायचा, लोभानं लांब घेतला की गुंता होतो. दोन ओळींत बोटभर अंतर. अंतर जास्त झालं तर धुण्यात आतली भर सरकून गोळा होते, फार कमी झालं तर थर दाबले जाऊन गोधडी फळीसारखी होते आणि ऊब जाते, कारण ऊब धरते ती थरांच्या मध्ये कोंडलेली हवा. हे कारण कुणी अशा शब्दांत सांगत नाही. "लई दाट घालू नको, श्वास घिऊ दे तिला," असं सुनेला सांगितलं जातं, आणि त्यात सगळं येतं.

एका गोधडीपाशी थोडं थांबतो. पांघरायची आहे, वापरातली, एका कोपऱ्याला उसवलेली. दुरुस्तीला काढली होती म्हणून आत पाहता आलं. वर हिरव्या काठाचं सहावारी पातळ, अलीकडचं. त्याखाली निळ्या गणवेशाचे तुकडे. एका तुकड्यावर खिसा जिथे होता तिथला चौकोन बाकीच्यापेक्षा गडद निळा राहिला होता, ऊन लागलं नव्हतं म्हणून. त्याखाली पांढऱ्या धोतराचा सलग पट्टा. आणि त्याखाली नवं काही नव्हतं. दुसरी, जुनी गोधडीच होती, तिच्या स्वतःच्या टाक्यांसकट. जुनी गोधडी फार विरली की ती टाकत नाहीत, तिलाच पोटात घेऊन वर नवं कापड चढवतात. आजींनी बोटानं ती कड वर उचलून दाखवली. "हे मपल्या सासूचं लुगडं. हिच्याबी आत एक हाये, पर ते नका उघडू, इसकाटंल." त्या आतल्या गोधडीचे टाके वरच्यापेक्षा बारीक आणि किंचित तिरपे होते. सासूचा हात तसा होता, असं आजी म्हणाल्या. हातावरून शिवणारी ओळखू येते, आणि अशा गोधडीत दोन-तीन बायकांचे हात एकावर एक पडलेले असतात. या पुस्तकातल्या नोंदी थरांच्या क्रमानं का मांडल्या आहेत, ते यावरून कळेल.

या थरांत तालुक्याचा इतिहासही आहे, आणि तो मुंबईशी बांधलेला आहे. आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत, हमालीला, डबे पोचवायला जात राहिली. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत मजुरी करणारे. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीपुढे ते आडवे झाले आणि तिच्याखाली चिरडले गेले. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे: हुतात्मा बाबू गेनू सागर. आहुप्याला जाताना उजव्या-डाव्या हाताला जे पाणी सतत सोबत करतं ते हेच. त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव, तालुक्याला नाव देणारं गाव, बुडालेलं आहे. कापडापायी प्राण दिलेल्या माणसाच्या नावाचं पाणी ओलांडून मुंबईचं कापड या गावांत येत राहिलं, हे मनात ठेवून या गोधड्या पाहाव्यात असं मला फार वाटतं. गिरणीतला माणूस सणाला गावी येताना कापड आणायचा. लुगडं, धोतर, कटपीस, शर्टिंगचा तुकडा. सत्तर-ऐंशीच्या दशकांपर्यंतच्या थरांत हे गिरणीचं सुती कापड सलग सापडतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि त्याच सुमारास बाजारात टेरिकॉट, नायलॉन, पॉलिएस्टर स्वस्त झालं. त्यानंतरच्या थरांत हात लावताच फरक कळतो. कापड घसरतं.

या घसरत्या कापडाबद्दल शहरातले जाणकार नाक मुरडतात. खरी गोधडी सुतीच, असं म्हटलं जातं. आहुप्यातल्या बायकांचं म्हणणं अधिक विचार करायला लावणारं आहे, आणि माझा कौल त्यांच्या बाजूनं आहे. सुती गोधडी अंगाला लागते, घाम टिपते, थंडीत तिला तोड नाही. पण पावसात ती एकदा दमट झाली की दसऱ्यापर्यंत वाळत नाही. बुरशीचे काळे ठिपके पडतात, चुलीवर माळ्याला टांगून धुरानं जेवढी सुकेल तेवढी. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, वाऱ्यावर लोंबत ठेवलं तरी सुकतं. म्हणून अंथरायच्या गोधडीला खालून साडी पॉलिएस्टरची आणि वर, अंगाकडे, सुती, असा मेळ त्यांनी स्वतःच बसवला आहे. चुलीजवळ झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र पूर्ण सुती, कारण ठिणगी पडली तर सुती कापड करपतं आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. एवढा विचार ज्या वस्तूत आहे तिला अस्सल-नक्कलच्या तराजूत घालणं मला पटत नाही. मिळेल त्या कापडातून हवं ते काढून घेणं हेच या कामाचं मूळ आहे आणि ते बदललेलं नाही.

जगात इतरत्रही हे झालं. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकांची कवंदी कडेपासून आत जाणाऱ्या धावदोऱ्यानं शिवली जाते, आणि कोपऱ्यांना कापडाची छोटी फुलं नसली तर ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. बंगालच्या कांथात जुन्या साडीच्या काठातून उपसलेला दोराच भरतकामाला वापरत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्यातली मिझुरी पेटवे या बाईची गोधडी १९४२ सालची. नवरा वारल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून तिनं ती शिवली, त्याची आठवण पांघरता यावी म्हणून. त्या कापडावर गुडघ्यांचे विटलेले भाग आणि मळ्याच्या मातीचे डाग तसेच आहेत. आहुप्याच्या गणवेशावरचा तो गडद चौकोन मी याच गोष्टीशेजारी ठेवतो. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, त्यानं अभ्यासाची वाट मोकळी झाली. आणि गाडगेबाबा तर अंगावर चिंध्यांची गोधडीच वागवत, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. महाराष्ट्रात ठिगळाला मान मिळवून देणारा इतका मोठा माणूस दुसरा नाही.

नवरात्राआधी गोधड्या धुतात. पितृपक्ष सरत आला, पाऊस उघडला, ओढ्याला अजून खळाळतं पाणी आहे, असा तो नेमका आठवडा असतो. घटस्थापनेला घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतलेलं हवं. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून गोधड्या ओढ्यावर नेतात, कातळावर आपटतात, पायांनी तुडवतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पीळ देतात, आणि पाणी निथळताना आतून वर्षभराचा धूर निघतो. मग कातळावर पसरून दगड ठेवायचे. त्या दिवशी गावातल्या सगळ्या गोधड्या उघड्यावर असतात. कुणाचा टाका सुटला, कुणी या वर्षी नवी केली, कुणाच्या घरी पाहुणे वाढलेत, हे सगळं तिथे दिसतं. शिवण्याचं शिक्षण पुष्कळसं याच दिवशी होतं: पोरी दुसरीची गोधडी उलटी करून टाके पाहतात. हे काम जिवावर येतं हेही तितकंच खरं. कंबर दुखते, हात सोलतात, आणि घरातला पुरुष क्वचितच ओढ्यावर येतो. हौसेनं लिहिणाऱ्यांनी ही बाजू सहसा सोडून दिलेली असते.

पानिपतचं ब्लँकेट आता आहुप्यातही घरोघरी आहे. लग्नात आहेर म्हणून येतं, मऊ असतं, वर मोठ्ठं गुलाबाचं फूल. ते पेटीवर घडी करून ठेवतात आणि पाहुण्याला देतात. घरची माणसं गोधडीत झोपतात. पण नवी गोधडी शिवण्याचं प्रमाण कमी होत चाललंय आणि त्याचं कारण साधं आहे: उन्हाळ्यातली जी दुपार गोधडीला लागायची तिला आता मजुरीचा भाव आहे. एका दिवसाच्या रोजावर जाणारी बाई तीस-पस्तीस दुपारी सुई धरून बसत नाही, आणि तिनं बसावं असं आपण म्हणणं शोभत नाही. घोडेगाव-मंचरला मशीनवर गोधडी शिवून देणारे आहेत. साड्या नेऊन दिल्या की काम होतं. मशीनची शिवण सरळ आणि घट्ट येते, पण जाड थरांत सुई एकाच रेषेत दाट भोकं पाडत जाते आणि विरलेलं जुनं कापड त्या रेषेवरच फाटतं. हाताचा टाका सैल असतो, ओढ बसली की थोडा सरतो, कापड वाचतं. म्हणून मशीनला चांगलं, न विरलेलं कापड द्यावं लागतं, आणि आतल्या थरांचा सगळा हिशेब तिथेच मोडतो. शहरातल्या दुकानांत नव्या कापडाचे तुकडे करून शिवलेली गोधडी मिळते. ती सुंदर असते. तिच्या किमतीतला किती भाग शिवणाऱ्या हातापर्यंत पोचतो, हे विकत घेणाऱ्यानं विचारलं पाहिजे. भाव लांबी-रुंदीवर ठरतो, टाक्यांवर ठरत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

या खोऱ्याशेजारीच माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर घसरून ते गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. आंबेगावच्या पश्चिमेला हे वाक्य उच्चारताना माणसं थबकतात. वाचलेल्यांना मदतीतून ब्लँकेटं आणि चादरी मिळाल्या, पुढे नवी घरंही मिळाली. पण तीन पिढ्यांचं कापड एकात एक घातलेली गोधडी कुणाला मदतीत देता येत नाही. ती घरात साठत साठत तयार होते. पावसाळ्याच्या तोंडावर या भागात अजूनही काही बायका कागदपत्रांच्या पिशवीबरोबर एक गोधडी गुंडाळून दाराशी ठेवतात.

पुढच्या पानांविषयी थोडं. प्रत्येक नोंदीत गोधडी अंथरायची की पांघरायची ते आधी दिलं आहे, मग थर, आतून बाहेर या क्रमानं, आणि प्रत्येक थराचं कापड कुठून आलं ते शिवणारीच्या शब्दांत. मापं त्यांनी सांगितली तशी, हात आणि वीत यांत ठेवली आहेत. जिथे गोधडी उसवलेली नव्हती तिथे उसवून पाहिलेलं नाही. अशा नोंदींत आतला भाग मालकिणीच्या आठवणीवरून लिहिला आहे आणि तसं तिथे म्हटलं आहे. फोटो काढताना आधी खालची बाजू घेतली, कारण टाके तिथे जास्त स्पष्ट दिसतात आणि हात ओळखता येतो. बायकांची नावं छापलेली नाहीत. त्यांनी तसंच सांगितलं, आणि एकीनं वर असंही सांगितलं की, नाव घालायचं तर मग गोधडीत जिची जिची लुगडी आहेत त्या सगळ्यांचं घाला.

पहिली नोंद मोठ्या गोधडीची नाही, एका दुपट्याची आहे. बाळंतविड्यासाठी केलेलं, सव्वा हात लांब, चार थरांचं, सगळं सुती. शिवणारी आजी, दिसत कमी असल्यामुळे दोरा ओवायला नात. बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं म्हणून वरचा थर घरातल्या सगळ्यांत जुन्या लुगड्याच्या मधल्या, विरलेल्या भागाचा घेतला आहे, आणि ते लुगडं कुणाचं होतं यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही. दोन्ही म्हणणी तिथे दिली आहेत.